पाच हजारांची फी आणि नकली शेख

पोट सुटलेला एक गृहस्थ आरशापुढे उभा आहे. टकलावर तो खोट्या केसांचा पुंजका चिकटवतो, बाजूचे उरलेले केस त्यावरून ओढून घेतो आणि वर फवारा मारतो. डेव्हिड ओ. रसेल यांच्या 'अमेरिकन हसल' या २०१३ सालच्या चित्रपटाची सुरुवात अशी आहे. हा गृहस्थ म्हणजे अर्व्हिंग. त्याचे काम ख्रिश्चन बेल या नटाने केले आहे.

अर्व्हिंगची कपडे धुण्याची दुकाने आहेत, पण खरी कमाई वेगळीच. बँकेने दारातून परत पाठवलेला, गरजेने अडलेला माणूस तो हेरतो. लंडनच्या बँकेतून कर्ज मिळवून देतो म्हणतो. फक्त पाच हजार डॉलर फी आधी. जोडीला सिडनी नावाची तरुणी, ती इंग्लंडच्या खानदानी बाईचे सोंग घेते. कर्ज कधीच मिळत नाही, फी मात्र जाते.

वाचकहो, या जोडीची खरी करामत पुढेच आहे. गिऱ्हाईक आले की ती त्याला चक्क नकार देतात. तुमचे काम व्हायचे नाही म्हणतात. नकार मिळाला की अडलेला माणूस जास्तच गळ घालतो आणि पैसे स्वतःच्या हाताने पुढे करतो. गावोगाव फिरताना बोगस बियाण्याच्या विक्रेत्यांची हीच तऱ्हा मी पाहिली आहे. "पिशव्या थोड्याच आहेत, तुम्हाला नाही मिळायच्या," एवढे म्हटले की पावतीसुद्धा न मागता पिशवी उचलली जाते! 'कर्ज मंजूर झाले, आधी प्रक्रिया शुल्क भरा' असे फोन हल्ली खेड्यांतही येतात. फी आधी कुणाच्या खासगी खात्यात भरा, असे कोणतीही रीतसर बँक सांगत नाही.

असो. ही जोडी पकडली जाते आणि एफबीआयचा एक महत्त्वाकांक्षी अधिकारी तिला शिक्षेऐवजी कामाला लावतो. खोटा अरब शेख उभा करायचा, त्याच्या पैशाचे आमिष दाखवून पुढाऱ्यांना लाच घेताना पकडायचे. शेख बनतो मेक्सिकन वंशाचा एक एफबीआयवाला. मेजवानीत गुंडांचा म्होरक्या त्याच्याशी अचानक अरबीत बोलू लागतो, तेव्हा आपलाही जीव खालीवर होतो.

कथेत पदरची भर पुष्कळ असली, तरी मूळ प्रकरण खरे आहे. ते 'ॲबस्कॅम' नावाने प्रसिद्ध आहे. मेल्विन वाइनबर्ग या खऱ्या ठगाच्या मदतीने एफबीआयने 'अब्दुल एंटरप्रायझेस' नावाची बनावट कंपनी चालवली आणि लपवलेल्या कॅमेऱ्यांपुढे पैसे वाटले. फेब्रुवारी १९८० मध्ये बातमी फुटली. हॅरिसन विल्यम्स हे सिनेटर आणि प्रतिनिधीगृहाचे सहा सदस्य दोषी ठरले. फ्लोरिडाचे रिचर्ड केली यांनी २५,००० डॉलर खिशांत कोंबले आणि बाहेरून दिसत तर नाहीत ना, असे विचारले. तेही चित्रफितीवर आले. साउथ डाकोटा या शेतीप्रधान राज्याचे सिनेटर लॅरी प्रेसलर यांनी मात्र साफ नकार दिला.

पण सापळा रचणे म्हणजे चोर पकडणे की चोर घडवणे, हा वाद तेव्हापासून आहे. चित्रपट हा प्रश्न कॅम्डेन शहराचा महापौर कार्माइन याच्या रूपाने मांडतो. ते काम जेरेमी रेनरने फार जीव ओतून केले आहे. अटलांटिक सिटीत कॅसिनो उभे राहिले की आपल्या लोकांना रोजगार मिळेल, या ध्यासाने हा माणूस धावतो. पैशांची बॅग समोर येताच आधी तो उठून निघून जातो. अर्व्हिंगच त्याच्या मागे जाऊन गोड बोलून त्याला परत वळवतो. माझ्या मते बॅगेला हात लावला तेव्हा कार्माइन दोषी झालाच, पण त्याला वळवणाऱ्याचे पाप त्यापेक्षा मोठे आहे.

चित्रपटात शिव्या आणि बाकीचे पुष्कळ आहे, तेव्हा लेकरांना घेऊन बसू नये. ऑस्करची दहा नामांकने होती, मिळाले एकही नाही.

दोघांची पुढे खरी दोस्ती जमते. शेवटी अर्व्हिंगला राहवत नाही. तो कार्माइनच्या घरी जातो आणि सगळे सांगून टाकतो. बायकामुले घरातच असतात. कार्माइन त्याला घराबाहेर काढतो.