फैजपूरची नीळ आणि कोळशाचं डांबर

यावल तालुक्यातलं फैजपूर म्हटलं की १९३६चं काँग्रेस अधिवेशन आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे रंगाऱ्यांचं गाव म्हणून नावाजलेलं होतं. इथली सुती कापडावरची छपाई आणि इथला गडद निळा रंग, दोन्हींची ख्याती होती. निळीच्या द्रावणातून कापड बाहेर काढलं की ते हिरवट-पिवळं दिसतं आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. या निळीची नाळ दगडी कोळशाच्या डांबराशी जुळलेली निघाली, ही रसायनशास्त्रातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी हकिकत.

हवा न लागू देता कोळसा तापवला की कोक, वायू आणि उग्र वासाचं काळंकुट्ट डांबर मिळतं. (रस्त्यावर आज घालतात ते खनिज तेलातलं, ते वेगळं.) हे डांबर पुन्हा तापवत नेलं की त्यातला एकेक पदार्थ आपल्या तापमानाला वाफ होऊन निघतो. ८० अंशांना बेंझिन, २१८ला नॅप्थलीन, म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्यांचा पदार्थ, तर ३४०च्या आसपास अँथ्रासीन. पण फिनॉल उकळतं १८२ला आणि अॅनिलीन १८४ला! ही जोडी नुसत्या आचेवर कशी फुटणार? तिथे स्वभाव कामी येतो. अॅनिलीन आम्लात विरघळतं, फिनॉल कॉस्टिक सोड्यात.

फ्रीडलीब रुंगे यांनी १८३४ साली डांबरातून असंच एक तेल वेगळं काढलं. त्यात ब्लीचिंग पावडर, आपण विहिरीत टाकतो तीच, घातली आणि निळा-जांभळा रंग फुलला. ही त्याची ओळखखूण. त्याआधी १८२६ साली ओटो उनफरडोर्बेन यांना चक्क नीळ तापवून एक तेल मिळालं होतं. ही दोन्ही तेलं एकच, म्हणजे अॅनिलीन, हे १८४३ साली ऑगस्ट होफमान यांनी सिद्ध केलं. कुठे शेतातलं रोप, कुठे खाणीतला कोळसा!

मग उलटा प्रवासही झाला. नॅप्थलीनपासून नीळ बनवताना पहिलीच पायरी अडत होती. असं सांगतात की प्रयोगात थर्मामीटर फुटला, पारा सांडला आणि अडलेली क्रिया झपाट्याने पुढे सरकली. पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक ठरला. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने ही कृत्रिम नीळ बाजारात आणली. तिचा रेणू रोपातल्या निळीचाच: १६ कार्बन, १० हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. पुढच्या काही वर्षांत भारतातली निळीची शेती झपाट्याने आटली.