स्वाक्षरीचे वय आणि तिचे मोल

प्रसिद्ध व्यक्तीची जुनी स्वाक्षरी नव्या स्वाक्षरीपेक्षा अधिक मोलाची, हा समज संग्राहकांत इतका रूढ आहे की त्याची परीक्षा सहसा केली जात नाही. मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाला व्यावहारिक धार आहे. १९३४ मध्ये मालाडला 'बॉम्बे टॉकीज' उभी राहिली, १९४३ मध्ये गोरेगावला 'फिल्मिस्तान' आणि पुढे अंधेरीला 'फिल्मालय'. नटनट्यांच्या सह्या असलेली छायाचित्रे, साहित्यिकांची पत्रे आणि शाळकरी मुलामुलींच्या स्वाक्षरीवह्या या परिसरातील कित्येक घरांत पडून राहिल्या. पार्ले, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील जुन्या इमारती आता पुनर्विकासासाठी रिकाम्या होतात, तेव्हा या कागदांचे काय करावयाचे याचा निर्णय दोनचार दिवसांत घ्यावा लागतो. आणि तो निर्णय बहुधा वरील समजाच्याच आधारे घेतला जातो.

प्रथम शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीत 'सही', 'स्वाक्षरी' आणि 'हस्ताक्षर' हे तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. 'सही' हा अरबी मूळाचा, फारसीच्या द्वारे आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ 'खरे, बरोबर'. पावतीवर आपण सही करतो, कारण तेथे खरेपणाची हमी द्यावयाची असते. 'स्वाक्षरी' आपण देत नाही, ती आपल्याकडे कोणी मागतो. तीत हमी नसते, आठवण असते. 'हस्ताक्षर' म्हणजे मराठीत एखाद्याचे वळण. हिंदीत मात्र तोच शब्द सहीसाठी वापरला जातो, आणि हिंदीच्या सहवासाने मुंबईकरांच्या बोलण्यात हा भेद पुसट होऊ लागला आहे. संग्राहकाच्या व्यवहारात तो पुसट होऊन चालत नाही. धनादेशावरील सही, वहीतील स्वाक्षरी आणि संपूर्ण पत्रातील हस्ताक्षर ही एकाच माणसाची असली, तरी त्यांच्या किमतींत पुष्कळ अंतर पडते, आणि या अंतराशी वयाचा संबंध थोडाच असतो.

वयाचा निकष शेवटपर्यंत ताणला तर तो स्वतःच कोसळतो. सतराव्या शतकातील मराठी राजपत्र मुद्रा आणि मोर्तब यांनी प्रमाण ठरे. नावाची सही ही त्याची अट नव्हती. म्हणजे पुरेसे मागे गेले की मोल वाढावयाचे बाजूलाच, स्वाक्षरी ही वस्तूच नाहीशी होते. उलट अंगाने, शेक्सपियरच्या निर्विवाद मानल्या गेलेल्या सह्या केवळ सहा आहेत. अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्यघोषणेवर सही करणारा बटन ग्विनेट हा इतिहासात फारसा मोठा नव्हे. पण १७७७ मध्ये तो द्वंद्वयुद्धात मारला गेला आणि त्याच्या सह्या इतक्या थोड्या उरल्या की त्याच घोषणेवर सही करणाऱ्या जेफरसनच्या सहीपेक्षा त्याची सही महाग ठरते. दोन्ही सह्या एकाच वयाच्या. डॉन ब्रॅडमन यांचे कसोटी सामने १९४८ मध्ये संपले, परंतु २००१ मधील मृत्यूपर्यंतच्या दीर्घ निवृत्तीत ते चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देत आणि सह्या करीत राहिले. त्यामुळे एवढ्या मोठ्या खेळाडूची सही दुर्मिळ म्हणता येत नाही.

उपनगरांतील चित्रपटसृष्टीतच याचे बोलके उदाहरण सापडते. अशोककुमार 'बॉम्बे टॉकीज'च्या प्रयोगशाळेतून पडद्यावर आले, १९३६ मध्ये 'अछूत कन्या'चे नायक झाले आणि २००१ पर्यंत जगले. स्मिता पाटील यांची चित्रपटातील कारकीर्द सुमारे एका तपाची. १९८६ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. काळाच्या हिशेबाने स्मिताबाईंची स्वाक्षरी कितीतरी अलीकडची. पण साठाहून अधिक वर्षे चाललेल्या हाताचा आणि बारा वर्षांत थांबलेल्या हाताचा पुरवठा सारखा असू शकत नाही. १९६४ मध्ये गेलेले गुरुदत्त आणि १९६९ मध्ये गेलेली मधुबाला यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. संग्राहक ज्याला 'जुनी' म्हणतो ती पुष्कळदा केवळ 'आता नव्याने मिळणार नाही अशी' स्वाक्षरी असते.

तथापि वयाला एक खरा अर्थ आहे, आणि तो एकाच व्यक्तीच्या दोन स्वाक्षऱ्या शेजारी ठेवल्या की दिसतो. 'अछूत कन्या'च्या काळात छायाचित्रावर केलेली अशोककुमारांची सही आणि तेच छायाचित्र वृद्धपणी पुढे धरल्यावर त्यांनी केलेली सही, या दोहोंत पहिली वरचढ. कारण ती कृतीच्या काळातली आहे, दुसरी स्मृतीच्या काळातली.

दुर्मिळता तरी पुरेशी आहे का? तसेही नाही. आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर १९४४ च्या मे-जूनमध्ये गांधीजी जुहूला शांतिकुमार मोरारजी यांच्याकडे विश्रांतीसाठी राहिले होते. स्वाक्षरीमागे हरिजन निधीसाठी पाच रुपये घेण्याचा त्यांचा परिपाठ प्रसिद्ध होता. अशा रीतीने त्यांनी केलेल्या स्वाक्षऱ्या थोड्या नाहीत. शिवाय पत्रे तर अगणित. तरीही मागणी जगभर असल्यामुळे त्यांचे मोल टिकून आहे. स्वाक्षरीवर उघड दर ठेवणारे आणि तो दर स्वतःसाठी न घेणारे गांधीजी या व्यवहाराचे स्वरूप आजच्या लिलावदारांपेक्षा अधिक स्वच्छ समजले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतात वयाने मोल वाढण्याऐवजी अडण्याचाही संभव असतो. १९७२ च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्यानुसार ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय अथवा सौंदर्यविषयक मूल्य असलेले हस्तलिखित वा कागदपत्र किमान ७५ वर्षांचे झाले की ते पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठविता येत नाही. १९४४ मध्ये लिहिलेल्या महत्त्वाच्या पत्राने ही मर्यादा २०१९ मध्ये ओलांडली. त्या दिवसापासून परदेशी गिऱ्हाईक त्याला अंतरले. आधीच परदेशी असलेल्या कागदांना हे बंधन नाही. गांधीजी आणि हर्मन कालेनबाख यांच्यासंबंधीचा संग्रह २०१२ मध्ये लंडनमध्ये लिलावास निघाला, तेव्हा भारत सरकारला तो लिलावापूर्वी विकत घ्यावा लागला.

जुन्या स्वाक्षरीच्या विरुद्ध सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिच्या खरेपणाचा प्रश्न. चाहत्यांच्या पत्रांना चिटणिसाने सही करून उत्तर देणे, छायाचित्रावर रबरी शिक्का मारणे, हे प्रकार नवे नाहीत. हॉलिवूडमधील जीन हार्लोच्या छायाचित्रांवर तिची आईच सह्या करीत असे. काही परीक्षा साधनांवरून होतात. बॉलपेन बाजारात आले ते १९४५ च्या सुमारास, तेव्हा १९३८ ची म्हणून दाखविलेली बॉलपेनची सही विचारातच घेऊ नये. मजकूर मराठी असेल तर भाषाही साक्ष देते. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या लेखनात 'नाहीं', 'कांहीं', 'घरीं' अशी रूपे सर्रास आढळतात. परंतु केवळ अनुस्वार नाहीत म्हणून कागद खोटा ठरत नाही. सुधारणावादी लेखकांनी ते आधीच टाकले होते, तर जुन्या वळणाची माणसे १९६२ नंतरही ते देत राहिली. खोटेपणा उघडा पडतो तो चुकीच्या अनुस्वाराने. 'तें पुस्तक' असे नपुंसकलिंगी एकवचन सानुस्वार, पण 'ते लोक' हे पुल्लिंगी अनेकवचन निरनुस्वार. 'झाडें' असे लिहीत, 'घोडें' असे अनेकवचन कोणी लिहीत नसे. जुनेपणा आणण्यासाठी सरसकट टिंबे देणाऱ्याला हे व्याकरण ठाऊक नसते. अर्थात् ही परीक्षा मजकुराची आहे. नुसत्या नावाच्या सहीपुढे भाषाभ्यासक निरुपाय होतो.

अलीकडच्या स्वाक्षरीची अडचण वेगळी. जुन्या मराठी कागदांत लिहिता न येणारा पाटील वा कुणबी नांगराची आकृती काढून 'निशाणी नांगर' करी. आजच्या नामवंतांची धावती सही पाहिली की ती पुन्हा निशाणीकडे वळल्यासारखी दिसते: अक्षरे गळून गेलेली, एक वळसा आणि एक फटकारा उरलेला. वाचता येणारी सही हा शब्द असतो. निशाणीची ओळख पटविण्यास दुसरा पुरावा लागतो. मात्र भ्रमणध्वनीवर सोबत छायाचित्र घेण्याची चाल पडल्यापासून स्वाक्षरी मागणारेच कमी झाले आहेत. तेव्हा आजच्या एखाद्या नटाने सावकाश, पूर्ण नाव लिहून कोणाच्या वहीत दोन ओळी लिहिल्या असतील, तर त्या उद्या दुर्मिळ ठरणे अशक्य नाही.

घर रिकामे करताना जो समज कामास येतो, त्याने सर्वाधिक हानी होते ती येथे. 'जुनी सही मोलाची' एवढेच ठाऊक असलेला माणूस पत्राच्या तळाची सही कापून घेतो आणि उरलेला कागद रद्दीत देतो. कापलेल्या सहीला संग्राहकही कमीच किंमत देतात; कारण तिच्यापासून तारीख, मायना, लिहिण्याचे निमित्त, सर्व तुटलेले असते, आणि वर सांगितलेली अनुस्वाराची परीक्षा करावयास मजकूरच शिल्लक राहत नाही. रद्दीच्या वजनात गेलेल्या त्या अर्ध्या कागदावर कधी मोडीचे वळण असते, कधी कोणी कोणाला 'तीर्थस्वरूप' लिहिले आणि कोणाला 'राजमान्य राजश्री', याची नोंद असते. असे पत्र अखंड, त्याच्या पाकिटासह आणि घरात ते कोणाकडून आले याच्या दोन ओळींच्या टिपणासह ठेवले, तर संग्राहक त्याला अधिक किंमत देतो आणि अभ्यासकालाही ते वाचता येते.