इंग्रजी नेमकं अडतं कुठे?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना इंग्रजी येत नाही, हे इतक्यांदा बोललं गेलंय की आता ती पोरंही स्वतःबद्दल तेच सांगू लागली आहेत. ते खरं नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. गोंडवाना विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात बी.ए.ला बसलेल्या मुलीने बारा वर्षं इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं असतं. दुर्गम शाळांतला प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड आहे, हे मान्य. पण बाकीच्या बहुतेकांना नोटीस वाचता येते, अर्ज लिहिता येतो, सिनेमा बऱ्यापैकी कळतो. अडतं ते त्यापुढे. समोरच्याने उलट प्रश्न केला की, आपलं म्हणणं कारणासकट मांडायचं झालं की, दोन पानांचा सरकारी मजकूर समजून घ्यायचा झाला की गाडी थांबते. युरोपात भाषेची जी मोजपट्टी वापरतात तिच्यात या पुढच्या पायरीला ‘बी-टू’ म्हणतात. आणि नेमके या पायरीवरचे सल्ले आपल्याकडे चुकीचे मिळतात.

सगळ्यांत जास्त मिळणारा सल्ला म्हणजे ‘आधी टेन्स पक्के कर’. क्लास बदलला की फळ्यावर पुन्हा तोच बारा काळांचा तक्ता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना इंग्रजी वाक्याची घडण शिकवली, हे ऋण मोठंच आहे. पण तक्ता पाठ असणं आणि वेळेवर योग्य काळ तोंडात येणं ही दोन वेगळी कामं आहेत. वीज केंद्रात किंवा सिमेंट कारखान्यात पाळी बदलताना जाणारा माणूस ‘द पंप ट्रिप्ड’ म्हणाला, तर पंप मघाशी बंद पडला होता एवढंच कळतं. तो पुन्हा सुरू झाला असेल किंवा नसेल. ‘द पंप हॅज ट्रिप्ड’ म्हटलं की येणाऱ्याने पंपाकडे आत्ता बघायला हवं. ‘ट्रिप झाला होता’ आणि ‘ट्रिप झालाय’ हा फरक आपला पोरगा मराठीत रोज अचूक करतो. त्याला फक्त कोणी तो धागा जोडून दाखवलेला नसतो. मराठी फसवते ती एका ठिकाणी. आपण ‘मी काल वाघ पाहिलाय’ असं सहज म्हणतो. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आलं की ‘हॅव सीन’ चालत नाही, ‘सॉ’च म्हणावं लागतं. मधल्या पायरीवरचं व्याकरण म्हणजे अशा दहा-पंधरा जागा. त्या ओळखून, वापरून पक्क्या करायच्या. सगळं व्याकरण पहिल्यापासून उकरत बसायचं कारण नाही.

दुसरा गैरसमज शब्दांचा. रोज दहा शब्द पाठ करायचे, वही भरली की इंग्रजी आलं. ढाक्यात शिक्षणाचं काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतल्या सर्वांत वापरातल्या सुमारे २,००० शब्दांची यादी छापली. साध्या मजकुरातले जवळपास ८० टक्के शब्द एवढ्यातच येतात, आणि यातले बरेच शाळेत होऊन गेलेले असतात. मात्र वर्तमानपत्र विनाअडथळा वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) लागतात, असा हिशेब पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ मध्ये मांडला. मधलं अंतर याद्या घोकून कापता येत नाही, कारण या टप्प्यावर शब्द एकटा येत नाही, जोडीदार घेऊन येतो. ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटवरचा गाईड ‘पगमार्क’ हा सुटा शब्द शिकत नाही. ‘फ्रेश पगमार्क्स’ शिकतो, चितळ ‘अलार्म कॉल’ देतं हे शिकतो, वाघ रस्ता ‘क्रॉस’ करतो हे शिकतो. आपल्याकडे सर्रास ‘बायसन’ म्हणतात त्या गव्याचं खरं इंग्रजी नाव ‘गौर’ आहे, हे तो पर्यटकाला सांगतो. त्याचा शब्दसाठा त्याच्या कामाभोवती वाढतो, म्हणूनच टिकतो. ज्याला शेतीत रस आहे त्याने धानावरचं वाचावं, ज्याला खाणीत नोकरी करायची आहे त्याने सुरक्षेच्या सूचना वाचाव्यात.

आता उच्चार. या बाबतीत आपली मुलं विनाकारण खाली मान घालतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. इंग्रज किंवा अमेरिकन माणसासारखं बोलता आलं पाहिजे, हा निव्वळ गैरसमज आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशी दोन माणसं आपसात इंग्रजी बोलतात, तेव्हा नेमकं कुठे अडतं, याचा अभ्यास जेनिफर जेंकिन्स यांनी केला आणि २००० साली तो पुस्तकरूपाने आला. ‘थिंक’मधला ‘थ’ आपल्या थ सारखा काढला तर कोणाचंच अडत नाही. ‘स्टेशन’चं ‘इस्टेशन’ झालं तरी समजतं, ‘टेशन’ झालं की ऐकणारा चाचपडतो. खरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. मराठी बोलताना इकार लांबला म्हणून अर्थ क्वचितच बदलतो, त्यामुळे आपल्या कानाला तिकडे लक्ष द्यायची सवय नसते. पण ‘आय लिव्ह हिअर’ म्हणजे मी इथे राहतो, आणि ‘लीव्ह’ म्हटलं तर निघून जाण्याची गोष्ट होते. मेहनत इथे घ्या. झाडीबोलीचा किंवा गोंडीचा हेल इंग्रजीत उतरला तर उतरू द्या, त्याने कोणाचंही काही बिघडत नाही.

चूक नसलेलं इंग्रजी म्हणजे चांगलं इंग्रजी, असंही समजलं जातं. जिप्सीत पर्यटक उभा राहिला आणि गाईड म्हणाला, ‘सिट डाउन.’ व्याकरणाची चूक एकही नाही, तरी पाहुणा दुखावतो. आपल्या ‘बसा’मध्ये आदर क्रियापदातच असतो, वर ‘ना’ जोडला की विनंती होते. इंग्रजी क्रियापदाला ती सोय नाही. लहान पोर असो की म्हातारा, सगळ्यांना ‘यू’च. म्हणून आदर दुसरीकडून आणावा लागतो, प्रश्नाच्या रूपात: ‘कुड यू सिट डाउन, प्लीज?’ सोबत कारण दिलं की आणखी बरं. दुसरी गफलत होकार-नकाराची. पाहुणी विचारते, ‘सो, वी वोन्ट सी द टायगर टुडे?’ गाईडच्या मनात ‘हो, आज नाही दिसणार’ असतं, आणि तो ‘यस’ म्हणतो. पाहुणी खूश होते, कारण तिने ‘दिसणार’ असं ऐकलं. मराठीत हो-नाही प्रश्नाला धरून येतं, इंग्रजीत वस्तुस्थितीला धरून. वाघ दिसणार नसेल तर उत्तर ‘नो, वी वोन्ट’ असंच द्यायला हवं. संवादकौशल्याच्या नावाखाली टाय बांधून स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात, त्याऐवजी या दोन गोष्टी शिकवल्या तर कितीतरी उपयोग होईल.

‘घरी माडिया, शाळेत मराठी, त्यात इंग्रजी कुठून येणार?’ हा प्रश्न शिक्षित माणसंही विचारतात. भामरागडचं लेकरू घरी माडिया बोलतं, शाळेत मराठी शिकतं, बाजारात हिंदी उचलतं. सिरोंच्याकडे तेलुगू असते, चामोर्शी-मुलचेराकडे बंगाली. माडिया आणि गोंडी द्राविड कुळातल्या, मराठी आर्य कुळातली. म्हणजे एका भाषाकुळातून दुसऱ्यात जाण्याचं अवघड काम हे मूल लहान वयातच करून बसलेलं असतं. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन भाषा चांगल्या येणारी मुलं तिसऱ्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत, पुढे असल्याचं आढळलं. १९७६ साली हेमलकशात लोकबिरादरीची शाळा सुरू झाली तेव्हा तिथल्या माडिया मुलांना मराठीही परकीच होती. त्याच शाळेतून पुढे डॉक्टर आणि वकील घडले. घरची भाषा सोडा, असं कोणी पालकांना सांगत असेल तर ऐकू नका. एका भाषेत समजून वाचायची सवय लागली की ती दुसऱ्या भाषेतही कामी येते.

वय निघून गेलं म्हणणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगतो. हॉलंडमध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषकांचा १९७८ मधला अभ्यास आहे. डच भाषा सगळ्यांत वेगाने बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी उचलली, आणि सुरुवातीच्या काळात मोठी माणसंही चिमुरड्यांच्या पुढे होती.

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या पाट्या चंद्रपुरात आहेत, गडचिरोलीत आहेत. केंब्रिजच्या अंदाजानुसार शून्यापासून बी-टूपर्यंत ५०० ते ६०० तासांचं शिक्षण लागतं, आणि त्याच्या आधीच्या पायरीवरून निघालं तरी सुमारे दोनशे तास. रोज एक तास दिला तर सहा-सात महिने. यात निराश होण्यासारखं काही नाही, पण महिन्याभरात हे होत नाही. यूपीएससीच्या भीतीबद्दलही सांगायला हवं. मुख्य परीक्षा मराठीतून देता येते, मुलाखतही. इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर पात्रतेपुरता असतो आणि त्यात २५ टक्के पुरतात. पूर्वपरीक्षेचा पेपर मात्र फक्त हिंदी-इंग्रजीत येतो. तिथे फाडफाड बोलणं नव्हे, समजून वाचणं लागतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायदा समजून घेतला तो अभ्यासगट करून. एकत्र बसून वाचायचं, अडेल तिथे विचारायचं, पटेपर्यंत चर्चा करायची. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं. इंग्रजीसाठीही हेच करा. गावातल्या किंवा वसतिगृहातल्या चार-पाच जणांनी आठवड्यातून तीन संध्याकाळी बसा. आपल्या जिल्ह्याबद्दलचा इंग्रजी मजकूर घ्या: वनहक्क कायद्याचं एखादं कलम, ताडोबावरचा लेख, कंपनीची नोकरीची जाहिरात. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने मराठीत किंवा माडियात अर्थ सांगावा, तिसऱ्याने इंग्रजीत प्रश्न विचारावा आणि बाकीच्यांनी चुकत का होईना इंग्रजीतच उत्तर द्यावं. क्लासची फी भरण्याआधी हे सहा महिने करून पाहा.