शिष्यवृत्ति आणि हत्यारांची पेटी

शिष्यवृत्ति म्हटली कीं ती हुशार मुलाला मिळावयाची, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. परीक्षेंत वरचा क्रमांक आला, नांव छापून आलें आणि वर्षाकांठीं ठराविक रक्कम हातीं पडूं लागली, हा त्या शब्दाचा आपला अर्थ. आज मी ज्या शिष्यवृत्त्यांविषयीं बोलणार आहें त्यांचा गुणांशीं संबंध थोडा आणि गरजेशीं फार आहे. त्या भावी वकिलासाठीं किंवा प्राध्यापकासाठीं नसून वेल्डर, परिचारिका, मोटार दुरुस्त करणारा कारागीर, अशा माणसांसाठीं आहेत. आणि त्या आहेत अमेरिकेंत. एवढ्या लांबची हकीकत येथें कशाला, असें कोणी विचारील. एक कारण असें कीं, पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांतलीं माणसें आज तिकडे नांदत आहेत, आणि त्यांच्यापैकीं एखाद्याचा मुलगा 'मी विद्यापीठांत जात नाहीं, कम्युनिटी कॉलेजांत हातचें काम शिकतों' असें म्हणाला म्हणजे इकडे आजोबांच्या कपाळाला आठ्या पडतात. दुसरें कारण असें कीं, फी माफ केली म्हणजे शिक्षण फुकट झालें, या समजुतीचा खरेखोटेपणा तेथील व्यवहारांत फार स्वच्छ दिसतो.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यत्वें सार्वजनिक पैशावर चालणारें, आसपासच्या लोकांसाठीं काढलेलें, दोन वर्षांचें महाविद्यालय. इलिनॉय संस्थानांतील जोलिएट गांवीं १९०१ सालीं अशा पहिल्या सार्वजनिक संस्थेचा आरंभ झाला, तेव्हां वर्गांत सहा विद्यार्थी होते. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या उच्च शिक्षण मंडळानें अशीं महाविद्यालयें जागोजागीं असावीत असें सुचविलें, आणि कम्युनिटी कॉलेज हें नांव तेव्हांपासून रूढ झालें. आज त्यांची संख्या हजाराच्या घरांत आहे. माध्यमिक शाळा पुरी केलेल्या जवळजवळ कोणासही तेथें प्रवेश मिळतो. मात्र परिचर्येसारख्या कांहीं अभ्यासक्रमांस वेगळी निवड असते. कांहीं विद्यार्थी दोन वर्षांनंतर विद्यापीठांत जातात, आणि कांहीं एखादा धंदा शिकून सरळ नोकरीस लागतात. आपला विषय या दुसऱ्या विद्यार्थ्यांचा.

ह्या महाविद्यालयांची फी तेथील मानानें अगदीं माफक आहे. १९२४-२५ नव्हे, तर २०२४-२५ सालीं स्थानिक विद्यार्थ्यास पुऱ्या वर्षाची फी सरासरी सुमारें ४,००० डॉलर पडत होती. परंतु राहणें, खाणें, पुस्तकें, जाणें-येणें हें सर्व हिशेबांत धरलें तर तोच आंकडा २०,००० डॉलरांच्या वर जात होता. म्हणजे फी हा एकंदर खर्चाचा पांचवा हिस्सा. आणि धंदेशिक्षणांत ह्याखेरीज आणखी एक खर्च असतो; त्याचा विचार मात्र शिष्यवृत्ति देणाऱ्यांच्या मनांत फार उशिरां आला. तो खर्च हत्यारांचा.

इतिहास शिकणाऱ्यास पुस्तक पुरतें. फार तर ग्रंथालयांत जाऊन तो उसनें वाचतो. वेल्डिंग शिकणाऱ्यास तोंडावरचा मुखवटा, चामडी हातमोजे, न पेटणारा अंगरखा आणि जाड बूट हे लागतातच. मोटारदुरुस्ती शिकणारा पान्यांच्या संचावांचून नोकरीवर उभा राहूं शकत नाहीं. तेथील पुष्कळ कारखान्यांत कामगारानें स्वतःचीं हत्यारें आणावयाचीं असा रिवाज आहे. दातांची सफाई शिकणाऱ्या विद्यार्थिनीस उपकरणें स्वतः विकत घ्यावीं लागतात आणि तीं स्वस्त नसतात. परिचारिकेस गणवेश, बूट, छाती तपासण्याची नळी, लसी टोंचून घेतल्याचे दाखले हें सर्व हवें. आणि अभ्यास पुरा झाल्यावर परवान्याची राष्ट्रीय परीक्षा असते, तिची नुसती नोंदणीच २०० डॉलर. हीं सर्व बिलें फी भरून झाल्यानंतर येतात. शिवाय रुग्णालयांतील प्रत्यक्ष कामाचे तास दिवसां पडले तर दिवसाची नोकरी सोडावी लागते, तो तोटा वेगळाच.

आमच्याकडे नादारी मिळालेल्या मुलाची फी सुटत असे. वह्या, कंपासपेटी आणि दोन वेळचें जेवण सुटत नसे. जुन्या पुण्यांत वार लावून जेवणारे विद्यार्थी होते, ते कांहीं फीसाठीं वार लावीत नव्हते.

ही गोष्ट अमेरिकन कायद्याला एकदां नीट उमगली होती. दुसरें महायुद्ध संपत आलें असतां १९४४ सालीं परत येणाऱ्या सैनिकांसाठीं जो कायदा झाला, त्याला तेथें जी. आय. बिल म्हणतात. त्यांत वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी तर दिलीच, पण त्या मर्यादेंत पुस्तकें, साहित्य आणि साधनें यांचाही खर्च धरला. वर एकट्या माणसास महिन्याला ५० डॉलर आणि ज्याच्यावर कुटुंबाचा भार त्यास ७५ डॉलर निर्वाहासाठीं दिले. या कायद्याखालीं सुमारें बावीस लक्ष सैनिक महाविद्यालयांत गेले, हें सर्वत्र सांगितलें जातें. त्याच्या दुपटीहून अधिक लोकांनीं ती मदत इतर शिक्षणासाठीं, त्यांत धंद्याच्या व कारखान्यांतल्या शिक्षणासाठीं, घेतली, हें मात्र कोणी आवर्जून सांगत नाहीं. काळ्या सैनिकांना पुष्कळ ठिकाणीं ह्या लाभांपासून व्यवहारांत वंचित ठेवलें गेलें, हा त्या कायद्याच्या अंमलबजावणीवरचा डाग आहे. पण मदतीची कल्पना पुरी होती: फी, हत्यारें आणि भाकरी.

आजच्या मदतीचा पाया म्हणजे पेल अनुदान. १९७२ सालीं तें निर्माण झालें, आणि ऱ्होड आयलंडचे सेनेटर क्लेबोर्न पेल यांचें नांव त्यास १९८० सालीं मिळालें. हें कर्ज नव्हे. कुटुंबाचें उत्पन्न पाहून सरकार तें देतें. २०२५-२६ सालीं त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. ह्या अनुदानाचा एक मोठा गुण असा कीं, कॉलेजची फी वजा होऊन जें उरतें तें विद्यार्थ्याच्या हातीं पडतें. ४,००० डॉलर फी असेल तर अत्यंत गरीब विद्यार्थ्यास तीन हजारांवर रक्कम पुस्तकांस, बसभाड्यास, हत्यारांस उरते. मात्र पूर्ण वेळ शिकणाऱ्यासच पूर्ण रक्कम मिळते. अर्धा वेळ शिकला तर अर्धी. कम्युनिटी कॉलेजांत बहुसंख्य लोक नोकरी संभाळून अर्धवेळच शिकतात. सबंध आयुष्यांत बारा सत्रांइतकेंच हें अनुदान मिळतें, हीही मर्यादा लक्षांत ठेवण्याजोगी.

आतां 'मोफत कॉलेज' या घोषणेचा हिशेब पाहूं. टेनेसी संस्थानानें २०१४ सालीं कायदा केला आणि २०१५ पासून शाळेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांस कम्युनिटी कॉलेजची व तांत्रिक विद्यालयांची फी माफ, असें जाहीर केलें. विद्यार्थ्यानें दर सत्रांत आठ तास लोकसेवा करावी, अशी अट घातली; ही अट मला फार आवडली. पहिल्याच वर्षीं प्रवेश लक्षणीय वाढले. पण ही मदत शेवटच्या डॉलरची आहे. म्हणजे आधीं पेल वगैरे अनुदान फीमध्यें धरावयाचें, आणि मग कांहीं कमी पडलें तर तेवढेंच संस्थान भरणार. परिणाम असा कीं, ज्या गरिबाची फी पेलमध्येंच भागली त्याला ह्या योजनेंतून एक पैही मिळत नाहीं. आणि ज्याचें उत्पन्न बरें असल्यामुळें पेल मिळालें नाहीं त्याची सबंध फी संस्थान भरतें. योजना वाईट म्हणावी काय? तसें मी म्हणणार नाहीं. 'फी नाहीं' हे दोन शब्द ऐकून जो मुलगा दारांत आला तो तरी आला; क्लिष्ट नियम ऐकून तो आलाच नसता. परंतु पैसा कोणाच्या घरीं गेला, हें तपासल्यावांचून टाळ्या पिटूं नयेत. त्यांतून तो पैसा सोडतीच्या तिकिटांचा. तीं तिकिटें कोण विकत घेतो, हें मी सांगावयास नको.

हत्यारांचा विचार ज्यांनीं केला त्यांचींही उदाहरणें आहेत. कॅलिफोर्नियांत कॅल ग्रँट सी नांवाची मदत खास धंदेशिक्षणासाठीं आहे, आणि कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला ती पुस्तकें, हत्यारें व साधनें यांसाठींच मिळते; कारण तेथें गरिबांची फी निराळ्या सवलतीनें आधींच सुटलेली असते. जॉर्जिया संस्थानांत १९९३ पासून होप नांवाचें अनुदान आहे. २०१३ पासून त्यावर आणखी एक ठराविक रक्कम कांहीं निवडक धंद्यांसाठीं मिळूं लागली. ज्या कामाला माणसें मिळत नाहींत तें काम निवडावयाचें, हा तिचा बेत. परिचर्या, मालमोटार चालविणें, वेल्डिंग हीं त्यांपैकीं. धंदेशिक्षणासाठीं पर्किन्स कायद्याखालीं मध्यवर्ती सरकारचा जो मोठा निधि खर्च होतो, तो मुख्यत्वें संस्थांकडे, कार्यशाळा व यंत्रें यांसाठीं जातो. विद्यार्थ्यानें तो आपल्या खिशांत शोधूं नये.

न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानें २००७ सालीं एक प्रयोग सुरू केला. तो केवळ धंदेशिक्षणापुरता नव्हता, पण आपल्या मुद्द्याला फार उपयोगी आहे. ॲसॅप हें त्याचें नांव. पूर्ण वेळ शिकावयाचें कबूल करणाऱ्या विद्यार्थ्यास फीमधली तूट तर भरून दिलीच. शिवाय पाठ्यपुस्तकें फुकट, शहरांतल्या रेल्वे-बसचा पास फुकट, आणि ज्याच्याकडे फार विद्यार्थी सोंपविलेले नाहींत असा एक सल्लागार दिला. कोणास ही सोय द्यावी आणि कोणास नाहीं, हें चिठ्ठ्या टाकल्यासारखें ठरवून तीन वर्षांनीं मोजणी केली. सोय मिळालेल्यांपैकीं शेंकडा ४० जणांनीं पदविका घेतली होती, न मिळालेल्यांपैकीं शेंकडा २२ जणांनीं. दोन्ही बाजूंचे विद्यार्थी सारखेच, शिक्षक तेच, इमारत तीच. बसचा पास ही कांहीं विद्वत्तेची गोष्ट नव्हे. परंतु चाळीस वर्षें हजेरीपट भरणाऱ्याला त्याचें मोल कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

अलीकडचा बदल म्हणजे २०२५ च्या जुलैंत झालेला कायदा. तोंवर अगदीं अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमांस पेल मिळत नसे. साधारणतः १५ आठवडे आणि ६०० तास ही किमान अट होती. १ जुलै २०२६ पासून ८ ते १५ आठवड्यांच्या, १५० ते ५९९ तासांच्या धंदेशिक्षणासही तें देण्याची तरतूद या कायद्यानें केली. विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ७० जणांनीं अभ्यास पुरा केला पाहिजे आणि शेंकडा ७० जणांस काम मिळालें पाहिजे, ह्या अटी घातल्या, तें योग्यच झालें. कारण अनुदान विद्यार्थ्यामागें जातें, आणि त्याच्या वासावर नफ्यासाठीं चालविलेल्या शाळाही येतात. कोरिंथियन कॉलेजेस ही अशीच मोठी संस्था २०१५ सालीं आणि आय. टी. टी. ही २०१६ सालीं एकाएकीं बंद पडली, तेव्हां हजारों विद्यार्थी अर्ध्या वाटेवर राहिले. आठ आठवड्यांत शिकलेल्या कामाचा पगार कितीसा असेल, हीही शंका मला आहेच.

ज्यांचे नातलग तिकडे आहेत त्यांच्यासाठीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. सर्व सरकारी मदतीचें दार म्हणजे फॅफ्सा हा एक अर्ज. तो भरण्यास पैसे लागत नाहींत, आणि जो कोणी त्यासाठीं पैसे मागेल त्यापासून दूर राहावें. त्या अर्जांत दोन वर्षांपूर्वींचें उत्पन्न विचारतात. मध्यंतरीं बापाची नोकरी गेली असेल तर कागदावर तें कुटुंब अजून सुखवस्तूच दिसतें. अशा वेळीं कॉलेजच्या मदत कार्यालयांत पुराव्यासह जाऊन फेरविचार मागतां येतो, आणि तसा बदल करण्याचा अधिकार तेथील अधिकाऱ्यास कायद्यानें दिलेला आहे. संकोचानें पुष्कळजण जातच नाहींत. सत्राचा साठ टक्के काळ लोटण्यापूर्वींच कॉलेज सोडलें तर मिळालेल्या अनुदानाचा कांहीं भाग परत द्यावा लागतो. तेव्हां न सांगतां नांव गाळूं नये. बाहेरच्या एखाद्या मंडळाची शिष्यवृत्ति मिळाली म्हणजे कॉलेज आपली मदत तेवढी कमी करतें, असाही प्रकार घडतो. सार्वजनिक महाविद्यालयांतील ह्या प्रथेस आळा घालणारा कायदा मेरीलंड संस्थानानें २०१७ सालीं प्रथम केला.

इकडून शिक्षणाचा व्हिसा घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र पेल मिळत नाहीं. तें नागरिकास, कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेल्यास आणि आणखी कांहीं थोड्या वर्गांस मिळतें. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आईबापांबरोबर लहानपणीं गेलेलें, तेथेंच सर्व शाळा शिकलेलें मूलही त्यांत बसत नाहीं. अशा मुलास कॉलेजच्या स्वतःच्या देणगी-निधीकडे आणि गांवांतल्या कारागिरांच्या किंवा व्यापाऱ्यांच्या मंडळांकडे अर्ज करण्याची वाट राहते. त्या शिष्यवृत्त्या रकमेनें लहान असतात आणि त्यांस अर्जदारही बहुधा थोडे असतात. अर्ज करण्यापूर्वीं त्या अभ्यासक्रमाच्या शिक्षकाकडून हत्यारांची व परीक्षा-शुल्काची किंमतींसह यादी मागून घ्यावी, आणि ती अर्जास जोडावी.