मुठीत दडलेली सही
जपानी लष्करी तलवारीवरची कारागिराची सही मुठीत शिरलेल्या पोलादी शेपटावर असते. बांबूची खुंटी हलकेच काढली की मूठ सुटते. एका बाजूला छिन्नीने कोरलेलं नाव, दुसरीकडे कधीकधी तारीख. ती जपानी शोवा कालगणनेत असते: शोवा १८ म्हणजे १९४३. अक्षरांच्या खाचा भिंगातून पाहा. त्यांतला गंज भोवतीच्या गंजाशी जुळायला हवा. आत धातू चकाकत असेल तर सही मागाहून कोरल्याचा दाट संशय घ्यावा. नुसत्या अक्षरवळणावरून मात्र निकाल देऊ नये. युद्धकाळात सेकी गावात नावं कोरणारे वेगळे कारागीर होते, त्यामुळे एकाच लोहाराच्या अस्सल सह्याही वेगवेगळ्या हातांच्या दिसतात. शेजारी ताऱ्याचा शिक्का असेल तर लोहार लष्कराने मान्यता दिलेला. आणि तो गंज कृपा करून घासू नका. सर्वांत भरवशाचा पुरावा तोच.