२४ काड्यांचा आकाशकंदील

पारंपरिक आकाशकंदिलाचा सांगाडा बांबूच्या २४ सारख्या काड्यांचा. त्यांचे ६ चौकोन कोपऱ्याला कोपरा बांधले की मधे ८ त्रिकोण आपोआप तयार होतात. आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १३ घनाकृतींपैकी ही एक. शहापूर-मुरबाडच्या रानांत बांबू मिळतो, त्यामुळे तिथल्या उंबरमाळीसारख्या गावात काड्या घरीच कोयत्याने तासता येतात.

वरचा चौकोन दिव्यासाठी उघडा राहतो. बाकी अंगावर आधी पतंगाचा पातळ कागद, त्यावर कातरलेली पानं-फुलं, कडांना सोनेरी पट्टी, मग कागदी करंज्या. खरी गंमत थरांत आहे: एका कागदातून प्रकाश मोकळा येतो, दोन थरांत अडतो, म्हणून नक्षी दिवा लागल्यावरच उठते. खळ पातळच लावावी. जाड खळीने कागद सुरकुततो. शेवटी झिरमिळ्या. त्या लांबच हव्यात, नाहीतर कंदील बोडका दिसतो.