प्रचार थांबला, तरी कार्यकर्ता दारात कसा?

कळमना म्हटलं की संत्र्या-मिरचीचा बाजार आठवतो. २०२४ मध्ये नागपूर लोकसभेची मतमोजणीही इथल्याच मार्केट यार्डात झाली. त्या वेळी नागपुरात १९ एप्रिलला मतदान होतं आणि १७ तारखेला संध्याकाळी ६ वाजता भोंगे बंद झाले. घरोघरी फिरणाऱ्यांचं खरं काम मात्र तेव्हाच सुरू होतं.

हे चालतं का?

चालतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२६ शेवटच्या ४८ तासांत सभा आणि मिरवणुकांना मनाई करतं, दारावर जाऊन मत मागायला नाही. दोघं-तिघं शांतपणे आले तर ठीक. घोषणा देत घोळका निघाला, की ती मिरवणूक. भंडाऱ्याहून तुमच्या मदतीला आलेल्या मित्राने मात्र तोवर परत जायचं असतं, कारण तो इथला मतदार नाही.

चिठ्ठी कशी हवी?

गडबड इथेच होते. पक्षाने मतदार चिठ्ठी वाटली तर हरकत नाही, पण ती साध्या पांढऱ्या कागदावर हवी. चिन्ह, उमेदवाराचं किंवा पक्षाचं नाव नको. (हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.) शिवाय ही चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे, हेही घरोघरी सांगा.

मतदानाच्या दिवशी?

केंद्रापासून १०० मीटरच्या आत मत मागितलं तर दंड २५० रुपयांपर्यंत. रक्कम किरकोळ वाटेल, पण गुन्हा दखलपात्र आहे. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.